सैन्यात जावयाचे, पण कोणत्या दलात?

शालान्त वर्ग जवळ आला म्हणजे मुलांच्या मनात भावी आयुष्याचे विचार घोळू लागतात. "पुढे काय करणार?" असे आम्ही वर्गात विचारले, की चारपाच हात तरी झटकन वर होतात आणि उत्तर मिळते, "सैन्यात जाणार!" हे ऐकून आम्हांस आनंदच होतो. परंतु "कोणत्या दलात, आणि तेथे कोणते काम करणार?" असा पुढचा प्रश्न केला, की बहुतेक हात खाली येतात. एखादा धीट मुलगा आवडत्या गणवेशाचा रंग तेवढा सांगतो.

ताथवड्याच्या मुलास तरी हे अज्ञान शोभत नाही. देहूरोडचे लष्करी कोठार आपल्या शेजारीच आहे. दापोडीस सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय, खडकीस बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आणि लोहगावास वायुदलाचा तळ आहे. समुद्र येथून किती दूर! तरी नौदलाच्या यंत्रज्ञांस शिक्षण देणारी 'आयएनएस शिवाजी' ही संस्था घाटमाथ्यावर लोणावळ्यास आहे. आणि तिन्ही दलांचे भावी अधिकारी जेथे एकत्र शिकतात, ती राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ पासून खडकवासल्यास आपले कार्य करीत आहे.

सैनिक म्हणजे केवळ बंदूकधारी, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. रामा राघोबा राणे हे कारवारकडील चेंडिये गावचे. १९४० साली ते बॉम्बे सॅपर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि पुढे अधिकारी झाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेऱ्याहून राजौरीकडे निघालेले आपले रणगाडे पेरलेल्या सुरुंगांमुळे व पाडलेल्या झाडांमुळे अडून राहिले. राणे जखमी झाले होते, तरीही गोळीबार चालू असता त्यांनी सुरुंग काढून वाट मोकळी केली. त्यांस परमवीरचक्र मिळाले, ते रस्ता करून दिल्याबद्दल! यंत्राची व हत्याराची आवड असणाऱ्या मुलाने हे उदाहरण नित्य ध्यानी ठेवावे.

म्हणून दल निवडताना प्रथम आपला स्वभाव पारखावा. कित्येक आठवडे जमीन दृष्टीस न पडता, मोजक्या माणसांबरोबर अरुंद जागेत गुण्यागोविंदाने राहता येईल काय? येत असेल, तर नौदलाचा विचार करावा. वायुदलात विमान चालविणारे थोडे. ते विमान निर्दोष ठेवणारे, त्यास मार्ग दाखविणारे हात पुष्कळ. तेथे पराक्रमाइतकेच बारीक लक्ष लागते. डोंगर, बर्फ, वाळवंट सोसून आपल्या तुकडीच्या सुखदुःखाशी एकरूप होणे ज्यास आवडते, त्याने भूदलाकडे वळावे.

आता मुख्य गोष्ट. ही निवड भरतीच्या मैदानावर होत नसून दहावीनंतर विषय निवडतानाच होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. प्रबोधिनीतून नौदलात किंवा वायुदलात जावयाचे, तर बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे तिन्ही विषय लागतात. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते खरी. परंतु प्रवेशपरीक्षेत ३०० गुणांची गणिताची पत्रिका सर्वांनाच सोडवावी लागते. आमच्या एका हुशार विद्यार्थ्याने अवघड वाटते म्हणून अकरावीत गणित सोडले. दोन वर्षांनी त्याच्या मनाने नौदलाचा ध्यास घेतला, तेव्हा ते दार बंद झालेले होते. दोष त्याचा एकट्याचा नव्हता. आम्ही शिक्षकांनीही त्यास वेळीच सावध केले नाही, याची खंत आम्हांस आजही वाटते. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच.

पालकांसही दोन शब्द. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत शिपायाची नेमणूक चार वर्षांची असते, आणि त्यानंतर फार तर शेकडा २५ जणांस कायम केले जाते. बाकीच्यांस ठराविक रक्कम मिळते, निवृत्तिवेतन मिळत नाही. ही वाट वाईट, असे आम्ही म्हणत नाही. मात्र बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी घरी परतल्यावर पुढे काय, याचा विचार निघण्यापूर्वीच झालेला असावा. अधिकारी होण्याची पात्रता मुलात असेल, तर घाई न करता त्यास तयारीस अवधी द्यावा. दहावीनंतर अशी तयारी करून घेणारी सरकारी संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून, आणि मुलींसाठी नाशिक येथे २०२३ पासून आहे. होय, मुलींसाठीही! प्रबोधिनीत मुलींस २०२२ पासून प्रवेश मिळू लागला, आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तेथून शिक्षण पुरे करून बाहेर पडली.

विद्यार्थिमित्रहो, तिन्ही दलांत थोर व सामान्य असा भेद नाही. ज्या कामास तुमचे हात व स्वभाव योग्य, तेच दल तुम्हांस थोर. पुढील वर्षी आम्ही वर्गात तोच प्रश्न करू, तेव्हा दुसऱ्या प्रश्नासही हात वरच राहावेत, एवढीच आमची इच्छा आहे.