ओल्या रात्रींची वही

दोस्तांनो, मुक्कामाच्या सहलीची सूचना आली, की सगळे शाळा डोक्यावर घेतात. एखादा मात्र म्हणतो, "मला नाही यायचं." खरं कारण तो सांगत नाही. रात्री झोपेत त्याचं अंथरूण ओलं होतं आणि ते चारचौघांत कळेल, ही त्याला धास्ती!

तुमचंही असंच असेल, तर लाजू नका. पाच वर्षांच्या १०० मुलांमध्ये साधारण १५ जणांचं असं होतं. दहाव्या वर्षी सुमारे ५ उरतात आणि त्यापुढंही एखाद-दुसरा असतोच. हा आळस नव्हे, खोडी तर नव्हेच. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदू एक संप्रेरक सोडतो. काहींच्या शरीरात ते अपुरं पडतं. काहींची झोप इतकी गाढ, की मूत्राशय भरल्याची वर्दी पोचतच नाही. बद्धकोष्ठानंही असं होतं. पुष्कळदा हे घराण्यातूनच येतं. बाबांना हळूच विचारून तर बघा!

आता हा भाग आईबाबांना वाचायला द्या. रागावून किंवा भावंडांसमोर चिडवून हे थांबत नाही. दिवसा भरपूर पाणी, रात्री बेतानं, चहा-कोला नको, झोपण्याआधी लघवी, एवढं सांभाळा. दोन आठवडे वहीत ओल्या-कोरड्या रात्री आणि शौचाची नोंद मुलानं स्वतः करावी. मग वही घेऊन सगळ्यांनी नेहमीच्या डॉक्टरांकडे जावं. ओल लागताच वाजणारा गजर असतो, गोळ्याही असतात. सहलीपुरतीही गोळी देता येते. पण ती आधी घरी घेऊन पाहावी लागते, म्हणून आयत्या वेळी धावू नका.

सगळ्यांसमोर बोलवत नसेल, तर खुशाल म्हणा, "डॉक्टर, दोन मिनिटं एकट्यानं बोलू?" २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातही १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींशी खासगीत बोलण्यावर भर आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. कित्येक महिने कोरडे गेल्यावर पुन्हा सुरू झालं, लघवीला जळजळ होऊ लागली, किंवा खूप तहान लागून वजन घटायला लागलं, तर वहीसाठी थांबू नका. हा जंतुसंसर्ग किंवा मधुमेहही असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाकीच्यांनी आज रात्रीच वही उघडा. आणि हो, पुढच्या सहलीला नाव द्या!