नंबर लावा, पण भिडू वाटण्यासाठी



मागच्या अंकात मोठ्या गटातल्या मुलांनी 'जगातले सर्वांत भारी दहा फुटबॉलपटू' अशी यादी दिली होती. (फुटबॉल म्हणजे इथे ज्याला सॉकर म्हणतात तो. अंड्यासारख्या चेंडूचा खेळ वेगळा.) मेस्सी पहिला, रोनाल्डो दुसरा, पेले तिसरा, मॅराडोना चौथा आणि पुढे आणखी सहा जण. त्या यादीवरून मधल्या सुट्टीत जी भांडणे झाली ती बरीचशी मराठीतून झाली असे कळते. तेव्हा यादी करणाऱ्यांचे आधी अभिनंदन, आणि मग माझी तक्रार.

तुमचे दहाच्या दहा जण गोल मारणारे आहेत. गोल अडवणारा एकही नाही. अर्थात हा दोष तुमच्या एकट्याचा नाही. 'बॅलन डी ओर' हा मोठा पुरस्कार १९५६ पासून दिला जातो, आणि पुरुषांचा तो पुरस्कार गोलरक्षकाला आजवर एकदाच मिळाला आहे, १९६३ साली सोव्हिएत संघाच्या लेव याशीनला. शिवाय १९९५ पर्यंत तो फक्त युरोपीय देशांच्या खेळाडूंनाच देत असत. म्हणजे तुमच्या यादीतल्या तिसऱ्या आणि चौथ्या माणसाला, ते ऐन भरात असताना, परीक्षेलाच बसू दिले नव्हते! पुढे २००० साली 'फिफा'ने शतकातला सर्वोत्तम खेळाडू ठरवायचे मनावर घेतले. इंटरनेटवरच्या मतदानात मॅराडोना पहिला आला, तर जाणकारांनी पेलेला निवडले. शेवटी दोघांनाही मान दिला. गणेशोत्सवातल्या चित्रकला स्पर्धेत पहिला नंबर विभागून देतात ना, तसाच प्रकार. मोठ्या माणसांचीही ही गत आहे.

दुसरी गोष्ट. कॅरीत राहून केलेल्या यादीत एकही बाई नाही, हे जरा अतिच झाले. आपल्या घरापासून पाचदहा मिनिटांवर वेकमेड सॉकर पार्क आहे. तिथे २०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात नॉर्थ कॅरोलायना करेजच्या मुलींनी शिकागोच्या संघाला ४-० असे हरवून सलग दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय लीगचा करंडक जिंकला. मिया हॅम शिकली ती शेजारच्या चॅपल हिलमध्ये. २००४ साली पेलेने हयात असलेल्या सव्वाशे थोर खेळाडूंची यादी केली, तिच्यात दोनच स्त्रिया होत्या, मिया हॅम आणि मिशेल एकर्स. त्या यादीत ब्राझीलच्या गेर्सनचे नाव नव्हते. हा गेर्सन १९७० चा विश्वचषक पेलेच्याच बरोबरीने खेळून जिंकलेला. त्याने टीव्हीवर ती यादी सर्वांदेखत फाडून टाकली. तेव्हा आपल्या वर्गातल्या मुलींनी मागच्या अंकाचे पान फाडले तर संपादकांनी फार मनावर घेऊ नये.

याच करेज संघात क्रिस्टल डन नावाची खेळाडू होती. ती इथे पुढे खेळायची, गोल करायची. त्याच वर्षी, २०१९ च्या विश्वचषकात, अमेरिकेच्या संघाने तिला मागे, बचावाच्या डाव्या बाजूला उभे केले आणि अमेरिकेने विश्वचषक जिंकला. आता तिला कितवा नंबर द्यायचा? पुढच्यांत की मागच्यांत? माणूस एकच, पण भोवतीचे दहा जण बदलले की त्याचा खेळ बदलतो. दहा नावांची उभी यादी केली की हे दिसेनासे होते.

तरीही यादी करू नका असे मी म्हणणार नाही. यादीवर भांडायचे तर सामने पाहावे लागतात, जुने सामने शोधावे लागतात, आजोबांना फोन करून विचारावे लागते. आजोबांना विचारलेत तर कदाचित नेव्हिल डिसूझाचे नाव कळेल. मूळ गोव्याचा, मुंबईत खेळणारा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, त्यातले तीन गोल एकट्या त्याचे होते. त्या ऑलिंपिकमध्ये भारताचा चौथा क्रमांक आला. आणि गोलरक्षक हवा असेल तर गोव्याचेच ब्रह्मानंद शंखवाळकर आहेत, भारताचे कर्णधार होते. पुढच्या यादीत या दोघांना कुठेतरी बसवा, अकरावा-बारावा नंबर चालेल.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे सर्वोत्तम खेळाडू कोण हे ठरवायला यादी लागत नाही, तुम्ही कोणत्या पेठेत जन्मलात एवढे पुरते. तिथे तालमी कुस्तीच्या, पण त्याच तालमींचे फुटबॉल संघ: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. शिवाय शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की दुकानदार गल्ल्यावर धाकट्या भावाला बसवून येतात. महाराष्ट्रात बाकी सगळीकडे क्रिकेट, आणि मधेच हे एक शहर फुटबॉलचे! याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ साली भारताकडून सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, तेव्हा तो कोणत्याही पेठेचा असो, सगळ्या पेठांचा झाला. तेवढ्यापुरता, हे सांगायला नको.

आम्ही पोरे मात्र गल्लीत खेळायचो. चपलांचे गोल. वर दांडी नाही, म्हणून चेंडू 'वरून गेला' की 'आत गेला' यावर दर दहा मिनिटांनी भांडण. चेंडू ज्याचा, त्याला आऊट म्हणायची सोय नव्हती, कारण तो चेंडू काखेत मारून घरी जायचा. पण मला सांगायचे आहे ते सामना सुरू होण्याच्या आधीचे, भिडू वाटून घेण्याचे. आजच्या मुलांना हे माहीत नाही, आणि पालकांपैकी अनेक जण विसरले असतील.

दोन कॅप्टन बाजूला उभे राहायचे. बाकीच्यांनी जोड्या करायच्या. जोडी करण्याचा नियम एकच, आपल्या तोडीचा जोडीदार शोधायचा. मग दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून जरा लांब जायचे, कानात कुजबुजून नावे घ्यायची आणि परत येऊन एका कॅप्टनला विचारायचे, "वाघ पाहिजे का सिंह?" तो म्हणाला वाघ, की वाघ त्याच्याकडे आणि सिंह समोर. पुढच्या जोडीने दुसऱ्या कॅप्टनला विचारायचे, "आंबा का फणस?" असे करत सगळे वाटले जायचे. कुणी शेवटपर्यंत उभा राहत नसे, कुणाचे नाव शेवटी पुकारले जात नसे. एखादा चांगला खेळणारा मुद्दाम कच्च्याबरोबर जोडी लावून आला तर सगळे ओरडायचे, "ही जोडी फोडा!" आणि जोडी फुटायची. सगळ्यांत लहान जो उरेल तो लिंबूटिंबू. त्याची चूक धरायची नाही, पण त्याने गोल मारला तर तो मात्र धरायचा. हा कायदा कुणी लिहिला मला माहीत नाही, पण तो उत्तम होता.

आता नीट पाहा. आम्हीही नंबर लावतच होतो. माझ्या तोडीचा कोण हे मला आठव्या वर्षी बिनचूक माहीत होते, आणि त्यालाही माहीत होते. पण हा नंबर कशासाठी? दोन्ही बाजू सारख्या व्हाव्यात म्हणून. एका बाजूला सहा गोल आणि दुसरीकडे एक, असे झाले की जिंकणारेच म्हणायचे, "एक गडी इकडून तिकडे द्या." दयेपोटी नव्हे बरे का. खेळात मजा राहत नसे म्हणून.

मोठी माणसे नंबर लावतात ते नेमके उलट कामासाठी. चांगल्यांना एकीकडे काढायचे आणि बाकीच्यांना दुसरीकडे.

इथल्या क्लबांच्या निवड चाचण्या तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. मुलांच्या अंगावर आकड्यांची बंडी चढवतात, कडेला दोघेतिघे हातात फळी घेऊन टिपणे करतात, आणि एकदोन दिवसांनी आईवडिलांना ईमेल येते. पहिला संघ, दुसरा संघ, तिसरा संघ. मुले किती वर्षांची? आठ, नऊ, दहा. आमच्या ओळखीच्या दोन घरांतली दोन मुले, दोघेही नऊ वर्षांचे, एकाच रस्त्यावर राहणारे, रोज संध्याकाळी मागच्या अंगणात खेळायची. चाचणीनंतर एक पहिल्या संघात गेला, एक तिसऱ्यात. सराव वेगळ्या वारी असतात, तेही एक वेळ चालले असते. पण आता मोकळ्या दिवशीसुद्धा ती दोघे अंगणात खेळत नाहीत. पहिल्यातला म्हणतो, त्याच्याबरोबर खेळून माझा खेळ बिघडेल. तिसऱ्यातला काहीच म्हणत नाही. त्याने बूट गराजमध्ये ठेवून दिले आहेत आणि आईला सांगितले आहे की ते लहान झाले. ते लहान झालेले नाहीत. क्लब कोणता हे सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळीकडे साधारण हीच पद्धत आहे.

यावर एक पालक मला म्हणाले, "अहो, पण नंबर लावल्याशिवाय खेळाडू घडतो का? चॅपल हिलला बघा." त्यांचे म्हणणे खोटे नाही. तिथल्या मुलींच्या संघाचे प्रशिक्षक अॅन्सन डोरन्स रोजच्या सरावातल्या प्रत्येक चुरशीचा निकाल वहीत मांडत आणि सगळ्या खेळाडूंची क्रमवारी सर्वांना दिसेल अशी लावत. १९७९ पासून २०२४ पर्यंत ते तिथे होते, आणि विद्यापीठांचे एकवीस राष्ट्रीय किताब त्यांच्या काळात आले. ते निवृत्त झाले त्याच वर्षी संघाने बाविसावा जिंकला, तोही इथे कॅरीतच. पण त्या मुली अठरा-वीस वर्षांच्या होत्या, देशभरातून निवडून आलेल्या होत्या, आणि काय पत्करतो आहोत हे कळून आलेल्या होत्या. शिवाय आज सातवी असलेली उद्याच्या सरावात तिसरी होऊ शकत असे. आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला ईमेलमधून मिळालेला नंबर वर्षभर बदलत नाही. तो चिकटतो.

आणि त्या वयात आपण मोजतो तरी काय? पुष्कळदा उंची आणि जन्ममहिना. वयोगटाच्या सुरुवातीला जन्मलेल्या आणि शेवटी जन्मलेल्या मुलांत जवळजवळ एका वर्षाचे अंतर असते. नऊ वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा नववा भाग! थोरले म्हणून वेगवान दिसतात, वेगवान दिसतात म्हणून निवडले जातात, निवडले जातात म्हणून त्यांना चांगले शिक्षण मिळते, आणि मग ती खरोखरच पुढे जातात. अनेक देशांत याचा अभ्यास झाला आहे. तुमच्या यादीतला पहिला, मेस्सी, साधारण अकराव्या वर्षी त्याच्या शरीराची वाढ नीट होत नाही असे डॉक्टरांनी सांगितले होते. उंचीवर नंबर लावला असता तर तो लिंबूटिंबूच ठरला असता.

चौदा-पंधराव्या वर्षापासून खुशाल चाचण्या घ्याव्यात. चांगल्या खेळाडूला त्याच्या तोडीचे सवंगडी हवेतच, ते मी नाकारत नाही. पण त्याआधी निदान आठवड्यातून एकदा तरी मुलांना असा सामना मिळावा की ज्यात बाजू त्यांनी स्वतः पाडल्या आहेत. क्लबांना हे सांगायला मी जाणार नाही, ते ऐकणार नाहीत. आपला वर्ग मात्र आपल्या हातात आहे. बाईंना विचारले आहे, त्यांची हरकत नाही. वर्ग सुटल्यावर गाड्या काढण्याच्या घाईत आपण तसेही अर्धा तास गप्पा मारत उभे असतोच. तो अर्धा तास इमारतीमागच्या हिरवळीवर मुलांना द्यावा. मुलगे-मुली एकत्र, पाच वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंत सगळे. जोड्या त्यांनी करायच्या, नावे त्यांनी ठेवायची (मराठी नावे हवीत, एवढी एक अट बाईंची), भांडणे त्यांनीच मिटवायची. पंच नाही. पालकांनी चहाचा थर्मास घेऊन लांब उभे राहावे आणि कडेवरून ओरडू नये. "पास दे" हेसुद्धा नाही. वरच्या दोन मुलांनाही आम्ही निरोप दिला आहे. पहिल्या संघातला येतो म्हणाला आहे. दुसऱ्याचे अजून उत्तर नाही, त्याच्या आईला पुन्हा फोन करीन.

येत्या रविवारपासून सुरुवात करू. पाऊस असेल तर त्यापुढच्या रविवारी. चेंडू पाच नंबरचा नको, लहान मुलांना जड जातो, चार नंबरचा बरा. माझ्याकडे एक आहे, पण त्यातली हवा टिकत नाही. कुणाच्या गराजमध्ये पंप असेल तर घेऊन यावा. गोलांसाठी चपला पुरतील.

— एक पालक