तळ्याकांठची सुटी

वैशाख लागला कीं आमच्या घरीं सुटीसंबंधीं दोन पक्ष पडतात. यंदा तरुण पक्ष समुद्राचा होता. धाकट्या सूनबाईंनीं तारकर्लीचीं छायाचित्रें सर्वांपुढें धरलीं; तेथें पाठीवर हवेचें नळकांडें बांधून समुद्राच्या तळाशीं उतरतां येतें, अंगावरून मासे जातात, इत्यादि. आम्हांस त्याचें वावडें नाहीं. परंतु चंद्रपुराहून मालवण म्हणजे महाराष्ट्राचें एक टोक सोडून दुसरें गांठणें, आणि आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे एवढ्या प्रवासास राजी नाहींत. तेव्हां आम्हीं सुचविलें कीं, पाणी आणि वन्य प्राणी हींच पाहावयाचीं असतील तर ताडोबाचें तळें पन्नास किलोमीटरांच्या आंत आहे. "तेथें पोहतां येतें कां?" असें धाकट्या नातवानें विचारलें. तेथें मगरी आहेत असें सांगतांच त्यानें तत्क्षणीं पक्ष बदलला.

ज्या वाचकांनीं हा प्रदेश पाहिला नाहीं त्यांस वैशाखांत जंगलांत जाणें वेडेपणाचें वाटेल. येथें पारा ४५ अंशांवर चढतो, साग उघडा पडतो, नाले आटतात. पण म्हणूनच ती वेळ चांगली. तळें बारमाही असल्यामुळें तहानलेल्या जिवांस त्याच्याकडे यावेंच लागतें. येथील राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचें, आजच्या महाराष्ट्रांतील सर्वांत जुनें. पुढें १९८६ मध्यें शेजारीं अंधारी अभयारण्य झालें, आणि १९९५ पासून दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प आहे.

पहाटे मोहर्लीच्या फाटकांतून उघड्या मोटारीनें आंत शिरलों. तळ्याकांठीं गाडी थांबली तेव्हां ऊन नुकतेंच पाण्यावर आलें होतें. पलीकडच्या कांठावर एक मगर जबडा उघडून पडली होती. आम्हांस ती प्रथम ओंडकाच वाटली. तिच्यापासून कांहीं अंतरावर चितळांचा कळप पाण्याशीं आला. एकेक चितळ मान खालीं घाली, दोन घोट घेई आणि मान वर करी. एकानेंही पोटभर पाणी एका दमांत प्यालेलें आम्हीं पाहिलें नाहीं. अर्धा तास आमच्या गाडींत कोणी बोललें नाहीं. घरीं क्षणभर स्वस्थ न बसणारा नातूही आजीचा पदर धरून बसला होता. वाघ मात्र दिसला नाहीं.

आमच्याबरोबरचा वाटाड्या जवळच्याच गांवचा, गोंड तरुण. ताडोबा हें नांव 'तडाग' या संस्कृत शब्दावरून आलें असावें, असें आम्ही वर्गांत अनेक वर्षें मुलांस सांगत आलों. तें पांडित्य येथेंही सांगितलें. त्यानें नम्रपणें ऐकून घेतलें व म्हटलें, "नाही गुरुजी, तारू आमचा माणूस होता." तारू हा गांवचा मुखिया, वाघाशीं झुंजतांना पडला, आणि लोकांनीं त्याला देव केलें. तळ्याकांठीं झाडाखालीं त्याचें ठाणें आहे. पौषांत तेथें यात्रेची परंपरा आहे. आमची व्युत्पत्ति आम्हीं तेथेंच मागें घेतली. ज्या विद्यार्थ्यांस ती शिकविली त्यांपैकीं कोणी हें वाचीत असल्यास त्यानेंही तसेंच करावें.

वाघ न दिसल्याबद्दल सूनबाई हळहळल्या. तेव्हां तो तरुण सहज म्हणाला, "माझी माय चैत्रात मोहाला जाते, आता तेंदूपत्त्याला. अंधारातच निघते. तुमाले वाघ दिसावा वाटते, तिले तो दिसू नये वाटते." त्यावर कोणीच बोललें नाहीं. थोड्या वेळानें सौभाग्यवतींनीं विचारलें, "आज गेल्या आहेत का?" "गेली आहे," तो म्हणाला.

परततांना आमचें लक्ष झाडांत कमी व घड्याळाकडे अधिक होतें. फाटकाबाहेर येतांच त्यानें प्रथम घरीं दूरध्वनि केला. दोनच शब्द ऐकूं आले, "आली? बरं." मग तो आमच्याकडे पाहून हंसला. सौभाग्यवतींनीं डब्यांतले सगळे लाडू त्याच्या हवालीं केले, आमच्या वांट्याचेही.

नातवानें पुढील सुटीचा बेत आतांच ठरविला आहे: अहेरीकडे कमलापूरला जाऊन शासकीय कॅम्पांतले हत्ती पाण्यांत डुंबतांना पाहावयाचे. सूनबाईंनीं तारकर्लीचीं छायाचित्रें अजून पुसलेलीं नाहींत.