मॉरिशसच्या फुटबॉलला गाव हवं

२३ मे १९९९ रोजी मॉरिशसमध्ये स्काउट्स क्लब आणि फायर ब्रिगेड या दोन संघांचा सामना झाला. फायर ब्रिगेड जिंकलं. त्यानंतर राजधानी पोर्ट लुईत जाळपोळ सुरू झाली आणि ‘लामिकाल’ नावाच्या जुगारघराला लावलेल्या आगीत सात जणांचा जीव गेला. त्यांत लहान मुलं होती, एक गरोदर बाई होती. सरकारने लीग थांबवली आणि पुढे जुने क्लब मोडीत निघाले. ते क्लब मोडले हे बरोबरच झालं, असं मी आजही ठामपणे म्हणेन. पण क्लब काढून घेतल्यावर लोकांच्या हाती काय द्यायचं, याचा विचार कुणी केला नाही. त्याची किंमत तिथला राष्ट्रीय संघ गेली पंचवीस वर्षं मोजतो आहे.

माझी उमेदीची वर्षं मुंबईत कूपरेजवर आणि परळ-नायगावच्या मैदानांत पंचाची शिट्टी गळ्यात घालून गेली. मॉरिशसकडे लक्ष गेलं ते तिथल्या मराठी माणसांमुळे. १८३४ पासून ऊसमळ्यांत राबायला जे मजूर हिंदुस्थानातून गेले, त्यांत मुंबई बंदरातून जहाजावर चढलेले कोकणातले लोकही होते. त्यांची पतवंडं आज तिथे शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. अशा देशात फुटबॉल कसा चालतो, हे पाहावंसं मला वाटणारच.

तो चालत होता जमातींवर. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स ही तिथल्या पहिल्या फळीतल्या क्लबांची खरी नावं. फायर ब्रिगेडचं नाव अग्निशमन दलाचं, पण त्यामागे उभे राहत ते क्रिओल, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. डोडो क्लब गोऱ्या फ्रेंच घराण्यांचा. रविवारचा सामना म्हणजे ही सगळी माणसं आपापल्या बाकांवर बसून एकमेकांसमोर येण्याचा दिवस. त्यातून खेळ वाढला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, त्याच्याकडे आपला क्लब होता, आणि त्या क्लबासाठी पोरं जीव तोडून खेळायची.

त्या जोरावर राष्ट्रीय संघही उभा राहिला. १९४७ पासून १९६३ पर्यंत मॉरिशस, रियुनियन आणि मादागास्कर या तीन बेटांची तिरंगी स्पर्धा होत असे आणि ती बहुतेक वेळा मॉरिशसच जिंकत असे. १९५० मध्ये रियुनियनला त्यांनी १५-२ असं हरवलं. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला, त्याच्या आधी जानेवारीत पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान वस्त्यांत दंगल पेटली होती आणि ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं होतं. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, १९७४ मध्ये, हा संघ आफ्रिकी राष्ट्रांच्या चषकासाठी इजिप्तला गेला. साऱ्या आफ्रिका खंडातून आठच संघ तिथे होते. प्रशिक्षक होते मोहम्मद अन्वर इलाही. काँगोकडून ०-२, गिनीकडून १-२, झाईरकडून १-४ असे तिन्ही सामने हरले. पण झाईरने तो चषक जिंकला आणि त्याच वर्षी विश्वचषकही खेळला, हे लक्षात घेतलं की त्या पराभवांचं वजन वेगळं दिसतं. रविवारी एकमेकांच्या पायात पाय घालणारी मुलं इजिप्तकडे निघाली तेव्हा एका लाल शर्टात होती. मॉरिशस त्या स्पर्धेत परत कधीही पोचलेला नाही.

‘क्लब एम’ हे त्या संघाचं लाडकं नाव. १९८५ साली हिंदी महासागरातल्या बेटांचे खेळ मॉरिशसमध्ये झाले, तेव्हा या ‘क्लब एम’ने फुटबॉलचं सुवर्ण घेतलं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने एक सुधारणा केली होती. क्लबांच्या नावांतून धर्म काढायचा. मुस्लिम स्काउट्सचा स्काउट्स क्लब झाला, हिंदू कॅडेट्सचा कॅडेट्स क्लब. पाटी बदलली, बाक तसेच राहिले. मालक तेच, खेळाडू उचलायची वस्ती तीच, घोषणा त्याच. त्यात १९९९ हे साल आधीच भाजून निघालेलं होतं. फेब्रुवारीत काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेटभर दंगली उसळल्या. तीन महिन्यांनी स्काउट्स आणि फायर ब्रिगेड समोरासमोर आले. त्या वातावरणात हा सामना मोकळ्या दारांनी व्हायलाच नको होता, असं माझं पंच म्हणून मत आहे. मैदानातला तणाव गोल होण्याच्या कितीतरी आधी मैदानाबाहेरच्या रस्त्यावर दिसत असतो.

लीग बराच काळ बंद राहिली. पुन्हा सुरू झाली तेव्हा क्लब प्रदेशांच्या नावाने आले. एएस पोर्ट लुई २०००, पाम्पलमूस, क्युरपीप स्टारलाइट. कागदावर हे उत्तम होतं. पण ही नावं वरून खाली आली होती. पाम्पलमूसमधल्या माणसाला हा क्लब आपला वाटावा, यासाठी शाळा, गावकी, मैदान, लहान मुलांचे संघ अशी जी बांधणी लागते ती आधी उभी नव्हती. लोक यायचे थांबले. फुटबॉलचं वेड मात्र गेलं नाही, ते दूरचित्रवाणीत शिरलं. लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडसाठी तिथे आजही भांडणं होतात, आणि स्थानिक लीगच्या सामन्याला बाक रिकामे असतात.

इथे मला मुंबई आठवते, कारण आपण याच वाटेने गेलो आहोत. मुंबईचं क्रिकेट १९४६ पर्यंत याच पद्धतीने चालत होतं. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेले, म्हणजे ‘द रेस्ट’, अशी ती पंचरंगी स्पर्धा. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते ‘रेस्ट’कडून खेळायचे. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध त्यांच्या संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. मॉरिशसच्या राज्यघटनेतही हिंदू, मुसलमान, चिनी आणि बाकीची ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ अशीच विभागणी आहे. क्रिओल मुलगा त्या ‘बाकी’त मोडतो. माणसाला उरलेल्यांत टाकणं म्हणजे काय, हे हजारेंच्या त्या खेळीकडे पाहिलं की मला कळतं.

पंचरंगीला गर्दी प्रचंड होती. १९४० च्या डिसेंबरात गांधीजींनी तिच्याविरुद्ध मत दिलं, तरी ती आणखी काही वर्षं चालली. अखेर ती बंद झाली आणि क्रिकेट मेलं नाही. का? कारण रणजी स्पर्धा १९३४-३५ पासूनच सुरू होती. खेळाडूला मुंबईसाठी खेळायची जागा आधीच तयार होती. शिवाजी पार्क आणि दादर युनियन यांची चुरस होती, जिच्यात माणूस कुठल्या देवाला हात जोडतो याच्याआधी तो कुठल्या गल्लीत राहतो हे पाहिलं जायचं. १९४८ मध्ये कांगा लीग सुरू झाली आणि पावसाळ्यातल्या चिखलातही त्या चुरशीला घर मिळालं. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना ही नावं मरीन ड्राइव्हवर आजही आहेत आणि त्यांनी कुणाचं वाकडं झालेलं नाही. म्हणून नावावर बंदी घातल्याने प्रश्न सुटतो, हे मला पटत नाही. तो सुटतो, जेव्हा पोराला जमातीबाहेरचा एक संघ आपला म्हणून आधीच मिळालेला असतो.

मॉरिशसमध्ये अधूनमधून म्हटलं जातं, जुने क्लब परत आणा म्हणजे स्टेडियम भरतील. भरतीलही. पण त्या गर्दीचा पाया काय होता, हे लामिकालच्या राखेत दिसलं आहे. राष्ट्रीय संघ वर्षानुवर्षं ज्या मैदानावर खेळला ते बेल व्ह्यूला आहे, अंजलाय कूपेन यांच्या नावाचं. १९४३ मध्ये ऊसमळ्यातल्या मजुरांच्या संपावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात ही गरोदर मजूर बाई मारली गेली. त्या नावाच्या मैदानावर जमातीच्या झेंड्याखाली पुन्हा बाक वाटून घ्यावेत, ही कल्पना मला असह्य होते.

२००३ मध्ये हिंदी महासागरातल्या बेटांचे खेळ पुन्हा मॉरिशसमध्ये झाले आणि ‘क्लब एम’ने अंतिम सामन्यात रियुनियनला हरवून सुवर्ण जिंकलं. हा विजय मला फार मोलाचा वाटतो. लामिकालला चारच वर्षं झाली होती आणि तरी सगळ्या वस्त्यांतली माणसं एका संघासाठी ओरडली. ती ऊर्जा लीगकडे वळवायची हीच वेळ होती. ती वाया गेली.

१९ ऑगस्ट २०१७ ला हा संघ मुंबईत, अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात भारताशी खेळला. मी मुद्दाम गेलो होतो. पंधराव्या मिनिटाला मर्विन जोसेलिनने गोल केला आणि काही वेळ आपली मंडळी गप्प झाली. पुढे रॉबिन सिंग आणि बलवंत सिंग यांच्या गोलांनी भारत २-१ जिंकला. पण मॉरिशसचा बचाव शिस्तीचा होता आणि पहिल्या अर्ध्या तासात चेंडू ते छान खेळवत होते. माझ्या शेजारी मुंबईत शिकायला आलेला, मॉरिशसमधल्या वाक्वासचा एक मराठी मुलगा होता. मोडक्या मराठीत तो म्हणाला, आमचे बाबा १९९९ नंतर मैदानात गेलेच नाहीत, मी आयुष्यातला पहिला ‘क्लब एम’चा सामना इथे पाहतोय. आपल्या देशाचा संघ पाहायला त्याला अंधेरी गाठावी लागली, याचं मला वाईट वाटलं. सप्टेंबर २०२४ मध्ये हैदराबादला याच संघाने भारताला ०-० असं रोखलं, तेव्हा क्रमवारीत तो आपल्यापेक्षा पन्नासहून जास्त जागा खाली होता. मुलांत दम नाही असं कुणी म्हणू नये.

देश लहान आहे म्हणून होत नाही, हेही मी ऐकून घेत नाही. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. कोमोरोसची त्याहून कमी, आणि ‘फिफा’त तो देश २००५ मध्ये आला. त्याने जानेवारी २०२२ मध्ये आफ्रिकी चषकात घानाला ३-२ असं हरवलं. केप व्हर्दची लोकसंख्या तर पाच लाखांच्या घरात. २०२६ च्या विश्वचषकासाठी आफ्रिकेतल्या ज्या पात्रता गटात कॅमेरून होता, त्यातच केप व्हर्द आणि मॉरिशसही होते. १३ ऑक्टोबर २०२५ ला केप व्हर्दने एस्वातिनीला ३-० हरवून विश्वचषक गाठला. मॉरिशस गटाच्या तळाकडे राहिला.

या दोन्ही देशांनी परदेशात वाढलेली आपली मुलं शोधून आणली, हे खरं. मॉरिशसनेही केव्हिन ब्रू, लिंडसे रोझ अशांना बोलावलं. पण विकास धोरासू हा मॉरिशसच्या तेलुगू वंशाचा मुलगा फ्रान्समध्ये जन्मला आणि २००६ च्या विश्वचषकात फ्रान्सच्या संघात होता. परदेशातली सगळीच गुणी मुलं परत येत नाहीत, त्यांच्या भरवशावर संघ उभा करता येत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा महेबूरमध्ये किंवा फ्लाकमध्ये शनिवारी कुणासाठी खेळतो आणि त्याला पाहायला कोण येतं, यावर दहा वर्षांनंतरचा ‘क्लब एम’ ठरेल.

आपल्याकडे आता उलट वारं आहे. मुंबई-ठाण्यापासून कोकणापर्यंत समाजासमाजांच्या प्रीमियर लीग भरतात, खेळाडूंचे लिलाव होतात, सामने यूट्यूबवर थेट दिसतात, आणि प्रवेशाची पहिली अट जातीची असते. आयोजक मला सांगतात, काका, हे फक्त आपली माणसं एकत्र यावीत म्हणून. त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. हिंदू कॅडेट्स काढणाऱ्यांचा हेतूही याहून वेगळा नसणार. मी त्यांना एवढंच सुचवतो की तुमच्या स्पर्धेत प्रत्येक संघात बाहेरच्या समाजाची चार मुलं घ्या आणि संघाला गावाचं नाव द्या. अजून कुणी ऐकलेलं नाही.

मॉरिशसच्या फुटबॉल संघटनेनेही हेच, पण मोठ्या प्रमाणावर करायला हवं. पहिल्या लीगचा प्रत्येक क्लब एका ठरावीक गावाशी किंवा नगराशी बांधायचा. त्या गावातल्या सगळ्या शाळांतून, मराठी शिकणाऱ्या, उर्दू शिकणाऱ्या, तमिळ शिकणाऱ्या आणि घरात क्रिओल बोलणाऱ्या मुलांतून त्याचे कुमार संघ बनवायचे. क्लबाच्या कारभारात गावकऱ्यांना मत द्यायचं. सरकारी पैसा पहिल्या संघाच्या परदेशी खेळाडूंवर न घालवता या कुमार संघांवर घालायचा. आज ‘क्लब एम’मध्ये खेळणाऱ्यांतली बरीच मुलं लामिकालच्या आगीच्या वेळी तान्ही होती किंवा जन्मलीही नव्हती. जुन्या बाकांचं ओझं त्यांच्यावर नाही. हे काम सुरू करायचं तर या मुलांच्या धाकट्या भावांपासून, येत्या शालेय वर्षातच सुरू करावं.