व्याही, जावई आणि गादी

व्याह्यांची भांडणे आपल्याकडे मानपानावरून होतात. कन्नडमध्ये ज्यांना बीगरू म्हणतात तेच हे व्याही. स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्रूसच्या घरात मात्र हे भांडण रणांगणापर्यंत गेले आणि मध्ये सापडली त्याची बायको एलिझाबेथ.

१२८६ साली स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर रात्री घोड्यावरून जाताना पडून मेला. त्याची सात वर्षांची नात १२९० मध्ये नॉर्वेहून येता येताच दगावली. गादीवर तेरा जणांनी हक्क सांगितला. निवाड्याला बोलावले कुणाला, तर शेजारच्या इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डला! दोन मांजरांची आणि माकडाची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नसावी. १२९२ मध्ये त्याने जॉन बेलियलला गादी दिली आणि चार वर्षांत काढूनही घेतली.

हरलेल्या दावेदाराचा नातू म्हणजे आपला रॉबर्ट. १३०२ मध्ये त्याने लग्न केले ते एडवर्डच्याच खास माणसाच्या मुलीशी. हा माणूस आयर्लंडमधला बलाढ्य सरदार, अल्स्टरचा 'लाल अर्ल' रिचर्ड द बर्ग. पुढे १३०६ मध्ये रॉबर्टने प्रतिस्पर्धी जॉन कॉमिनला चर्चमध्येच ठार केले आणि दीड महिन्यात राज्याभिषेक करून घेतला. त्याच वर्षी एलिझाबेथ इंग्रजांच्या हाती लागली. नणंद मेरीला चक्क पिंजऱ्यात कोंडले. एलिझाबेथ नजरकैदेवर सुटली. माहेरची पुण्याई! पण ती पुण्याई तेवढीच. आठ वर्षांनी, बॅनकबर्नच्या विजयानंतर कैद्यांच्या अदलाबदलीत ती घरी आली.

घरी येऊन वर्ष होत नाही तोच दीर एडवर्ड ब्रूस फौज घेऊन आयर्लंडात उतरला. बोलावणे डॉनल ओनीलचे होते. त्याने स्वतःचा राजेपदाचा हक्क एडवर्डसाठी सोडला. सप्टेंबर १३१५ मध्ये कॉनर येथे एडवर्डने ज्याला हरवले तो एलिझाबेथचा बाप. वर १३१७ मध्ये डब्लिनकरांनी त्या बापालाच तुरुंगात टाकले. जावई शत्रू, म्हणजे सासरा फितूर असणारच, असा हिशेब! एडवर्ड १३१८ मध्ये फॉहर्टला मारला गेला.

एलिझाबेथला १३२४ मध्ये मुलगा झाला, डेव्हिड. तोही निपुत्रिक गेला आणि १३७१ मध्ये गादी मिळाली ती तिच्या सावत्र मुलीच्या मुलाला. त्याचे आडनाव स्टुअर्ट.