वळणावरचा गाळ

आमच्या कळंब्याच्या तळ्याचे पाणी कोल्हापूर शहर वर्षानुवर्षे प्याले. तेव्हा गाळ कुठे साचतो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. परंतु चरबी साऱ्या अंगात फिरत असता हृदयाच्या धमनीत ठराविक जागीच का धरते?

सामान्य माणूस म्हणेल, जिथे रक्ताचा मारा जोराचा तिथे. काही शास्त्रज्ञांचेही तेच मत होते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील कोलिन कॅरो यांनी १९६९ साली सहकाऱ्यांसह उलटेच मांडले : रक्ताचे घासणे जिथे कमी, तिथेच रोग! पंचगंगेच्या वळणावर आतल्या काठाला गाळ बसतो, तसेच काहीसे. मात्र धमनीचे अस्तर जिवंत असते. रक्त वेगाने, एका दिशेने घासत गेले तर ते निरोगी राहते. वळणाच्या आतल्या अंगाला वा फाट्यापाशी प्रवाह मंदावून भोवरे झाले, की ते बिघडते आणि चरबीला वाट देते.

हे सारे मी वाचले ते शेजारच्या वहिनींसाठी. अण्णांचे बायपास होऊन बारा वर्षे झाली आणि गेल्या श्रावणात पायाची जोडलेली शीरच तुंबली. "माझ्या तांबड्या रश्श्यानंच घात केला हो," हेच त्यांच्या तोंडी. जेवताना दोघे एकमेकांकडे बघेनात.

वास्तविक त्या शिरेचीही कथा ऐकायला हवी. अर्जेंटिनाचे रेने फाव्हालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे ती जोडण्याची रीत रुळवली आणि असंख्य संसार वाचले. पण जन्मभर संथ रक्त वाहिलेल्या शिरेवर एकाएकी धमनीचा दाब येतो, दिवसाला लाखभर ठोके! ताण सोसण्यासाठी ती भिंत जाड करते, आणि त्या जाड भिंतीतच पुढे चरबी शिरते. दहा वर्षांत अशा निम्म्याच्या आसपास शिरा बंद वा अरुंद होतात. छातीच्या आतली धमनी जोडली, तर दहातल्या नऊ चालू राहतात. तिला हा दाब नवा नसतो.

रस्सा निर्दोष सुटला असे मात्र नव्हे. रक्तात चरबी कमी, तर भोवऱ्यापाशी साठणार काय? तंबाखू, रक्तदाब, मधुमेह हेही वाटेकरी आहेतच, म्हणून गोळ्या चुकवायच्या नाहीत. पण सारे पातक एका पातेल्यावर का?

आता शिरेभोवती बाहेरून धातूची जाळी बसवून पाहत आहेत. ती फुगू नये, प्रवाह सरळ राहावा, एवढाच तिचा हेतू.