फोटोतली गाडी आणि कॅप्शनमधली थाप

जुन्या मुंबईचा एखादा फोटो व्हॉट्सॲपवर आला नाही असा आठवडा जात नाही. खाली ठरलेली ओळ: "आपली मुंबई, १९४०. बघा रस्ते किती मोकळे होते!" आणि फोटोच्या मधोमध, अगदी ऐटीत, उभी असते अँबॅसिडर. जी गाडी १९५७ च्या आधी अस्तित्वातच नव्हती, ती १९४० च्या रस्त्यावर काय करतेय हे कोणी विचारत नाही. लोक अंगठे दाखवतात, हात जोडतात, फोटो पुढच्या ग्रुपवर जातो.

आपण विचारलंच तर उत्तर तयार असतं. "अरे, काय फरक पडतो? एन्जॉय कर ना!"

फरक पडतो. आणि आज त्यावर जरा भांडायचंच आहे.

मुळात जुन्या फोटोवर तारीख सहसा नसते. मागच्या बाजूला कोणी पेन्सिलने साल लिहून ठेवलं असेल तर नशीब. इमारती शंभर-शंभर वर्षं तशाच उभ्या असतात. समुद्र तर काही सांगतच नाही. धोतर, कोट, काळी टोपी हा वेषही कित्येक दशकं तोच. रस्त्यावर भराभर बदलणारी एकच ठळक गोष्ट असते, ती म्हणजे गाडी. अमेरिकेत तर १९२० च्या दशकात जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने दरवर्षी मॉडेल बदलायची पद्धतच रूढ केली. गिऱ्हाइकाला जुनी गाडी जुनी वाटावी हा त्यामागचा धंदा. पण त्याचा फायदा आज आपल्याला होतो, कारण पुढची जाळी, बंपर, हेडलाइट बघून साल सांगता येतं.

उदाहरणं देतो. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी जवळजवळ वीस वर्षं चालली, पण तिचा रेडिएटर चकचकीत पितळेचा असेल तर ती १९१६ पर्यंतची. १९१७ च्या मॉडेलपासून त्यावर काळं कवच आलं. अमेरिकन गाडीला पुढे चार हेडलाइट दिसले तर ती १९५७ च्या आधीची नाही. आणि शोरूममध्ये विकलेली १९४३ किंवा १९४४ ची अमेरिकन गाडी कोणी सांगितली तर सरळ हसा. युद्धामुळे तिथल्या कारखान्यांनी फेब्रुवारी १९४२ मध्ये लोकांसाठी गाड्या बनवणं थांबवलं, ते १९४५ च्या मध्यावर परत सुरू झालं.

म्हणजे माहिती आहे आणि शोधायला पाच मिनिटं लागतात. तरी थाप चालते, कारण कोणी गाडीकडे बघतच नाही. हा झाला पहिला वर्ग.

दुसरा वर्ग मला जास्त छळतो. हे जाणकार. यांना गाडी बरोबर ओळखता येते आणि तिथेच घोळ होतो. "ही १९४८ ची शेव्हरोलेट, म्हणजे फोटो १९४८ चा." संपलं! अहो, विंडोज एक्सपी २००१ साली आलं. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट २०१४ मध्ये बंद केला, तरी त्यानंतरही कित्येक ऑफिसांत ते सुखाने नांदत होतं. स्क्रीनवर एक्सपी दिसलं म्हणून "हा फोटो २००१ चा" असं आपल्यापैकी कोणी म्हणेल का? गाडी फक्त एवढंच सांगते की "याच्या आधी नाही". याच्यानंतर किती, ते ती सांगत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ती लोअर बाउंड आहे, उत्तर नव्हे.

आणि भारतात तर हे डबल लागू. जनरल मोटर्सचा मुंबईतला जोडणीचा कारखाना १९२८ साली सुरू झाला, तो १९५४ मध्ये बंद झाला, कारण सरकारचं धोरण बदललं: इथे गाडी बनवणार असाल तर राहा, नुसते सुटे भाग आणून जोडणार असाल तर निघा. बाहेरच्या गाड्यांची आयात आवळली गेली, नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायची वेळ आली. मग लोकांनी काय केलं? होती तीच गाडी ठोकून-ठाकून, रंग मारून चालवली. त्यामुळे मुंबईच्या १९६० च्या दशकातल्या रस्त्यावर १९४० च्या दशकातली गाडी दिसणं यात काहीच नवल नाही. अमेरिकन छंदिष्टांचा नियम जसाच्या तसा इथे लावला की गाडं फसतं.

देशी गाड्यांची तऱ्हा याहून न्यारी. कुर्ल्याला प्रीमियरने बनवलेली फियाट घ्या. १९६० च्या दशकातली डिलाइट आणि १९७४ पासूनची पद्मिनी यांचा सांगाडा तोच, आणि ती शतक संपेपर्यंत बनत राहिली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. म्हणजे नुसता सांगाडा बघून "१९७० चं दशक" म्हणणं हा शुद्ध अंदाज. अँबॅसिडर तर २०१४ पर्यंत बनत होती. तिच्या बाबतीत आधी ती अँबॅसिडर आहे की तिच्या आधीची लँडमास्टर हेच बघावं लागतं. अँबॅसिडरच्या मागच्या मडगार्डांना शेपटीसारखं बारीक टोक असतं. एवढ्याशा टोकावर तारीख काही वर्षं मागेपुढे होते.

मग करायचं काय? गाडीशेजारी काय आहे ते बघायचं. विशेषतः अशी गोष्ट शोधायची, जी नंतर नाहीशी झाली. ती आपली अप्पर बाउंड. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. फोटोत अँबॅसिडर आणि धावती ट्राम दोन्ही असतील तर फोटो १९५७ ते मार्च १९६४ मधला. झालं काम! सात वर्षांची खिडकी, पण खरी. गेटवेसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसतोय? मग जानेवारी १९६१ नंतरचा. नंबरप्लेटवर एमएच आणि पुढे आकडे? मग जुलै १९८९ नंतरचा, कारण त्याआधी पाटीवर तीन अक्षरं आणि पुढे जास्तीत जास्त चार आकडे असत. स्टेअरिंग भलत्याच बाजूला आहे? मग दुकानाची पाटी वाचा, अक्षरं उलटी असतील तर निगेटिव्ह उलटी छापली गेलीय. यात रॉकेट सायन्स काही नाही. रोज प्रॉडक्शनचे लॉग वाचून बग कधी शिरला ते शोधणाऱ्या लोकांना तर हे यायलाच हवं.

आता तिसरा वर्ग, आणि हा आपल्याच धंद्यातून निघालाय म्हणून जास्त राग. बटण दाबा, जुना फोटो रंगीत! बटण दाबा, धूसर फोटो लख्ख! अहो, तो लख्ख होत नाही, नवा काढला जातो. मशीनला जाळीच्या पट्ट्या दिसल्या नाहीत की ती सरासरीने बेताच्या पट्ट्या काढून देते. नंबरप्लेटवरची अक्षरं कळली नाहीत की अक्षरांसारखं काहीतरी गिरवते. म्हणजे ज्या दोन गोष्टींवरून तारीख कळली असती, त्याच पुसून तिथे थाप भरते. रंगाचं तर विचारूच नका. १९२० च्या दशकापर्यंत सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. त्या फोटोत लालभडक गाडी काळी दिसते आणि निळी गाडी फिकट दिसते. रंगवणाऱ्या मशीनला हे कुठून कळणार? ती काळ्याला काळाच रंग देते आणि आपण म्हणतो, "वा, जसंच्या तसं!"

"पण कुणाचं काय बिघडतं?" बिघडतं. चुकीचं साल शंभर ठिकाणी कॉपी झालं की एकशेएकावा माणूस त्या शंभरांचा हवाला देतो. उद्या ते एखाद्या पुस्तकात जातं, परवा मशीनच्या ट्रेनिंग डेटात. मूळ फोटो कुठेतरी ट्रंकेत, ओल धरून बसलेला.

आणि हे फक्त शहराचं नाही, घरचंही आहे. पुष्कळ घरांत गाडीला टेकून उभ्या असलेल्या आजोबांचा एक फोटो असतो, आणि त्याला चिकटलेली एक गोष्ट: "स्वातंत्र्याच्या आधीच आपल्याकडे गाडी होती." गाडी नीट ओळखली तर कधी कधी ती १९५० नंतरची निघते. गाडी आपली नसतेच, कोणाची तरी रस्त्यात उभी होती, तिला टेकून फोटो काढला. मग वाईट का वाटून घ्यायचं? इस्त्रीचा शर्ट घालून, दुसऱ्याच्या गाडीला ऐटीत टेकलेला तो पंचविशीतला माणूस मला गाडीमालकापेक्षा जास्त जवळचा वाटतो. पण तो भेटायचा तर थाप आधी बाजूला करावी लागते.

तेव्हा या वीकेंडला एक करा. घरातला अल्बम काढा. फोटो आहे तसा स्कॅन करा, मागची बाजूही करा, कडा कापू नका, रंगवू नका. गाडी बघा, पाटी बघा, शेजारी काय उभं आहे ते बघा. एकच साल ठोकून देऊ नका, "१९५७ ते १९६४" असं लिहा आणि ते कशावरून, तेही लिहा. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना आजच विचारा. ट्राम परत येणार नाही, आणि तिच्यात बसलेली माणसंही दरवर्षी कमी होताहेत.